टेपाच्या वाडीची वाट

१

सव्वीस वर्षं मी टपाल वाटलं. शहापूर तालुक्यातलं डोंगराकडचं आमचं गाव, गावात एका खोलीचं पोस्ट आणि त्याला जोडलेल्या पाच वाड्या. सकाळी नऊला पिशवी खांद्याला अडकवायची आणि चालू लागायचं. शेवटची टेपाची वाडी डोंगराच्या अगदी खांद्यावर. पावसाळा असो की लग्नसराई, अकराला मी तिथं असायचोच. वाडीतल्या बाया मला बघून चुलीवर भात चढवायच्या, इतकी ती वेळ पक्की होती.

गेल्या डिसेंबरात मी राजीनामा दिला. कोणी काढलं नाही, कोणी सक्तीही केली नाही. मुलीचं, कुणालीचं, शेतकीचं शिक्षण पुरं झालं होतं. तिनं आणि माझ्या बायकोनं, जनीनं, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, मुरबाडच्या बाजूला, तिच्या मामाच्या जागेत मोगऱ्याची रोपवाटिका सुरू केली होती. दोन खोल्यांचं घर, पुढं हिरव्या जाळीचा मांडव आणि त्याखाली काळ्या पिशव्यांतली हजारो रोपं. "बाबा, पुरे झालं चालणं," कुणाली म्हणाली. "इथं या. झाडांना पाणी घाला, सावलीत बसा." मला ते मनापासून पटलं. पिशवी पोस्टात जमा केली, झिजलेल्या चपला टाकून दिल्या आणि नव्या घेतल्या.

जाळीखाली उजेड वेगळाच असतो. ऊन गाळून येतं, सगळं हिरवट दिसतं, आपले हातसुद्धा. पाणी पिशव्यांवर टपटपत राहतं. पहिले पंधरा दिवस मी तळ्याच्या तळाशी फिरत असल्यासारखा फिरलो, आणि सुखात होतो.

एका संध्याकाळी जनी माझी पँट धुवायला घेऊन बाहेर आली.

"अहो, डोंगरावर कुठं गेलतात?"

"कुठं जातोय? दिवसभर इथंच तर होतो."

"मंग ही कुसळं?"

पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरले होते. जानेवारीत डोंगरावरचं गवत वाळतं तेव्हा कपड्यांत रुततात ती कुसळं. आमच्या मांडवात खाली नुसता लाल मुरूम होता.

"शेणखताच्या गोणीतून आली असतील," मी म्हणालो.

"असंल," जनी म्हणाली आणि एकेक उपटत बसली.

२

चार दिवसांनी आमचे पोस्टमास्तर भगीरथ यांचा फोन आला. माणूस सरळ, वीस वर्षं आम्ही एका टेबलाशी बसलेले.

"राघोभाऊ, बरं चाललंय ना?"

"एकदम बरं."

"एक सांगू? राग मानू नका. तुमी रोज वर वाड्यांना जाताय, ते आता बंद करा. तुमच्या जागी नवीन पोरगी आलीय, प्रियांका. लांबून बीडकडून आलीय बिचारी. तिला वाटतं, तुमी तिच्या कामावर नजर ठेवताय."

मला हसू आलं. "भगीरथभाऊ, मी मुरबाडला हाय. महिना झाला, गावाकडं फिरकलोसुद्धा नाय."

"काल पण नाय?"

"काल दिवसभर कलमं बांधत होतो."

तिकडून पंख्याचा आवाज येत होता. तो पंखा मला ओळखीचा होता, दर तिसऱ्या फेरीला कुरकुरायचा.

"मंग लोकांचं काय तरी चुकतंय," भगीरथ म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. मोबाईलच्या टॉवरवाले येतात, जंगल खात्याचे मोजणीवाले येतात. माझ्या अंगकाठीचे, खाकी शर्टाचे, खांद्याला पिशवीवाले कितीतरी. आणि पोस्टमनच्या तोंडाकडं कोण बघतं? सगळे हाताकडं बघतात. मी जनीला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "रात्री तुमचे पाय का दुखतात हो? दिवसभर बसलेले असता."

ते खरं होतं. गुडघ्याखाली ठणकायचं, पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. ती तेल लावायची. नोकरीत असताना जिथं भेगा पडायच्या तिथंच पुन्हा भेगा पडायला लागल्या होत्या.

३

मग आणखी एक गोष्ट सुरू झाली. कल्याणकडचं एक जोडपं रोपं बघायला आलं. मी पाण्याची नळी धरून त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. त्या गृहस्थांनी मांडवात सगळीकडं पाहिलं आणि हाक मारली, "कोणी आहे का?"

"बोला," मी म्हणालो.

ते दचकून मागं सरले. एक कुंडी फुटली. "तुम्ही कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

हिरव्या उजेडात माणूस चटकन दिसत नाही, अशी मी समजूत काढली. पण त्या आठवड्यात हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर हाक मारणारी कुणाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या शेजारी येऊन बसली. हातात मोबाईल होता.

"बाबा, नऊ वाजले की तुमाला काय होतं?"

"काय होतं?"

"तुमी त्या ड्रमावर बसता. डोळे उघडे असतात. हाक मारली तर ऐकू येत नाय. अकरा-सव्वाअकराला उठता आणि कामाला लागता. रोज."

मला वाटायचं मी पाच मिनिटं टेकतो. तिनं व्हिडिओ दाखवला. मांडवातला हिरवा उजेड, निळा ड्रम, त्यावर मी. चेहरा बरा होता, शांत. पण पाय चालत होते. जमिनीवरून उचलले जात नव्हते, नुसते चपलेच्या आत दाबले जात होते, आधी डावा, मग उजवा, मग डावा. मध्येच थांबले. चढावर दम घ्यायला माणूस थांबतो तसे. मग पुन्हा सुरू झाले.

थांबायची ती जागा मला माहीत होती. बेहड्याचं झाड आहे तिथं, खाली सपाट दगड.

मुरबाडच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब ठीक, साखर ठीक. ते म्हणाले, "इतक्या वर्षांची सवय आहे, शरीर हळूहळू विसरेल." मी मान डोलावली. सवयीनं पाय हलतील, हे मला पटत होतं. पण सवयीनं कुसळं कशी लागतील, ते मी त्यांना विचारलं नाही.

४

सोमवारी मी मोटरसायकल काढली आणि गावाला गेलो. रस्त्यानं वळसा पडतो, तास जातो. पोस्टात पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते.

भगीरथ मला बघून उठून उभे राहिले. वीस वर्षांत ते माझ्यासाठी कधी उठले नव्हते. प्रियांका टपाल लावत होती. चोवीस-पंचवीसची, डोळ्यांना चष्मा, हात झपाझप चालणारे.

"काका, तुम्हीच का ते?" तिनं विचारलं.

"मी राघो. पण वाड्यांना जाणारा मी नव्हे. आज पहिल्यांदा आलोय."

तिनं मला नीट पाहून घेतलं. मग हातातली पत्रं खाली ठेवली. "मी चौथ्या वाडीपर्यंत स्कूटीनं जाते, पुढं पायी. टेपाच्या वाडीला आठवड्यातून दोनदाच टपाल असतं. पण जेव्हा जाते तेव्हा पुढं एक माणूस चाललेला असतो. मी भरभर चालले तरी अंतर तेवढंच राहतं. हाका मारल्या. काका म्हटलं, अहो म्हटलं. मागं बघत नाहीत." तिनं खुंटीकडं बोट दाखवलं. "खांद्याला पिशवी असते. तुमची पिशवी तर ही इथं आहे."

खुंटीला माझी पिशवी लटकत होती. पट्टा मी सुतळीनं शिवला होता, ती शिवण दिसत होती.

"मी आज पुढं जाऊन बघतो," मी म्हणालो. "तू आज येऊ नको."

"आज टपाल नाहीच वरचं," ती म्हणाली. तिला ते बरं वाटलं असावं.

५

गावाबाहेर पडलो आणि माझे पाय वाटेला लागले. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. दव अजून होतं. पळसाला कळ्या धरल्या होत्या. गवत पिवळं पडलं होतं आणि वारा आला की सगळा उतार एका अंगाला कलायचा. मी खरंच इथून निघून गेलो होतो का, असा प्रश्न पडावा इतकं सगळं जागच्या जागी होतं.

ओढ्यावर सावळी कपडे धूत होती. तिसऱ्या वाडीतली, तोंडाची फटकळ, नेहमी काहीतरी थट्टा करणारी.

"आता तर वर गेलास," ती म्हणाली. "परत खालून कसा रे?"

"किती वेळ झाला?"

"हा काय, पिळा पण झाला नाय या लुगड्याचा." ती हसत होती. हसता हसता तिनं माझ्या पायांकडं पाहिलं, चपलांकडं, मग तोंडाकडं. हसू राहिलं, पण डोळे बदलले. तिनं अर्धे धुतलेले कपडे टोपलीत कोंबले आणि वाडीकडं निघून गेली.

ओढ्यापलीकडं मऊ माती आहे. तिथं ठसे होते, ओले, कडा न ढासळलेले. उजव्या टाचेला आडवं ठिगळ. शहापूरच्या चांभारानं माझ्या चपलेला मारलेलं ठिगळ तसंच होतं. त्या चपला मी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकल्या होत्या.

मी ठशांवर पाय ठेवून पाहिला नाही. इच्छा झाली होती.

मागून चालून त्याला गाठता येणार नाही, हे प्रियांकानं सांगितलंच होतं. तेव्हा मी वाट सोडली. उजवीकडं कोरडा ओहोळ आहे, उभा चढ, पावसाळ्यात तिथून पाणी कोसळतं. दगडांना धरून त्यातून चढलो तर वाडीला वीस मिनिटं आधी पोचता येतं. हातापायांना खरचटलं, पण मी आधी पोचलो.

६

टेपाच्या वाडीचं पहिलं घर बुधीचं. कारवीच्या भिंती, वर कौलं, आणि पडवीचं छप्पर इतकं उतरतं की आत बसलेल्याला बाहेरच्या माणसाचे फक्त गुडघ्याखालचे पाय दिसतात. बुधी सत्तरीपुढची. नजर शाबूत, कान शाबूत. तिचा मुलगा बारकू अकरा वर्षांपूर्वी कामाला म्हणून वसईकडं गेला आणि दोन पत्रांनंतर त्याचं काही आलं नाही.

"आलास?" ती म्हणाली. "आज लवकर. आणि आत पण आलास."

मी चुलीजवळ बसलो. "आजी, मी रोज येतो का?"

"असा काय इचारतोस? येतोस. बाहेर उभा ऱ्हातोस, मी पाणी देते, पितोस, जातोस. महिना झाला, बोलत नाय. मी म्हटलं, माझ्यावं रागावला." तिनं काटक्या मोडल्या. "आधी कसा बोलायचास. आज काय नाय आजी, उद्या येतो."

तेव्हा मला ते आठवलं, म्हणजे आठवत होतंच, मी त्याच्याकडं बघत नव्हतो. शेवटच्या दिवशी मी सगळ्या वाड्यांत निरोप घेतला होता. नारळ दिला लोकांनी, टॉवेल दिला. बुधीच्या दारात आलो आणि जीभ रेटेना. अकरा वर्षं ती एका पत्राची वाट बघत होती आणि त्या पत्राचा सगळा भरवसा माझ्यावर होता. मी म्हणालो, "आज काय नाय आजी, उद्या येतो." आणि उतरलो.

मी तिला सांगून टाकलं. "आजी, मी नोकरी सोडली. त्या दिवसानंतर मी आलोच नाय. आज येतोय."

तिनं फुंकणी खाली ठेवली. 

"मंग पाणी कोण पितो?" तिनं विचारलं.

मी उत्तर देणार तोच माझ्या तळव्यांना खडी टोचली. मी तर शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसलो होतो. पण तळव्यांना खडी लागत होती, मग माती, मग वाडीच्या तोंडाशी आहे तो गुळगुळीत कातळ. पोटऱ्या ताणल्या गेल्या. आणि मग बाहेर चपलांचा आवाज आला. उजवी जरा ओढत येणारी. ही चाल लांबून ओळखू येते असं जनी म्हणायची. मला ती तोवर कधीच ऐकू आली नव्हती.

आवाज पडवीशी थांबला. छपराखाली दोन पाय दिसत होते. खाकी पँट, कुसळं, त्या चपला. घोट्यावर कुत्रा चावल्याची खूण. मी हात लावून माझा घोटा चाचपला.

बुधी उठली. मला वाटलं ती घाबरेल. पण तिनं नेहमीसारखा तांब्या बुडवला, पेला भरला आणि वाकून बाहेर गेली. पाणी पिण्याचा आवाज आला. तीन घोट, मग श्वास, मग पुन्हा तीन घोट. माझा घसा गार झाला.

मान जराशी वाकवली असती तर तोंड दिसलं असतं. मी वाकवली नाही. का ते माहीत नाही. रागही आला नव्हता. मला त्याची दया आली. महिनाभर, सुट्टी नाही, बोलणं नाही, पिशवीत काही नाही.

मी आतूनच म्हणालो, "आता यायचं काम नाय. संपलं सगळं. आजीला मी सांगितलंय. तू घरी जा."

पाय हलले नाहीत. एक चिमणी पडवीत येऊन गेली. मग उजवी चप्पल वळली, डावी वळली, आणि आवाज निघाला. गावाच्या वाटेनं नाही, वर, खिंडीकडं.

माझ्या तळव्यांना काहीच जाणवलं नाही. गार जमीन, बस्स.

बुधी रिकामा पेला घेऊन आत आली. "तोंड बघितलंस का त्याचं?" मी विचारलं.

"बघितलं."

"कसं होतं?"

तिनं पेला पालथा घातला. "तुला बरं नाय दिसत," ती म्हणाली. "भाकर खा आणि पड जरा."

७

नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन मी पडवीत आडवा झालो. महिनाभरात अशी झोप लागली नव्हती. पाय हलके, अंग हलकं. झोपेत चालणं नव्हतं, वाट नव्हती, काहीच नव्हतं. जागा झालो तेव्हा ऊन कलून पिवळं झालं होतं आणि बुधी अंगणात तांदूळ पाखडत होती.

"बारकूचा वसईचा पत्ता दे," मी म्हणालो. "त्या जुन्या पत्रावरचा. मी स्वतः जाऊन शोधतो." हे मला आधी कधी का सुचलं नव्हतं, कोण जाणे. तिनं एका डब्यातून पत्र काढलं, मला दिलं, आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

वाडीच्या वर एक कातळ आहे, तिथं मोबाईलला रेंज येते. तिथून पलीकडचं सगळं मुरबाडचं अंग दिसतं. खिंड, खाली उतरणारी पायवाट, शेतं, आणि अगदी तळाशी आमच्या मांडवाचं हिरवं चिंधीएवढं ठिगळ. त्या पायवाटेनं दीड तासात घरी पोचता येतं. मला रस्त्यानं जायचं होतं, गाडी गावात होती. म्हणून उशीर होईल असं सांगायला मी जनीला फोन लावला.

"अहो, बाहेरच्या खोलीत बसून फोन कसला करताय?" ती म्हणाली. भांड्यांचा आवाज येत होता, फोडणीचा चरचराट येत होता. "भजी झाली की आणते."

"जनी, मी टेपाच्या वाडीवर हाय."

"पुरे थट्टा." ती हसली. लग्नाच्या नव्यात हसायची तशी. "आल्यापासून नुसते बोलत सुटलाय. कुणाली हसून हसून दमली. बरं वाटलं हो मला. महिनाभर घरात असून नसल्यासारखे होता, मी घाबरले होते. आजपासून असेच ऱ्हावा."

मागं कुणालीचं हसणं ऐकू येत होतं, आणि एक पुरुषाचा आवाज काहीतरी रंगवून सांगत होता. तो आवाज मला ओळखीचा वाटला नाही. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, ते माणसाला कुठं माहीत असतं.

"जनी," मी म्हणालो, "माझं ऐक. बाहेर जाऊन बघ."

"काय बघू? ही घ्या, आले." बांगड्या वाजल्या. दाराचा पडदा सरकला. हसणं जवळ आलं, तो आवाजही जवळ आला.

मग ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"तुमच्या हातात तर फोन नाय," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती.

तो आवाज थांबला. कुणालीही थांबली. मग जनीनं फोन तोंडाजवळ घेतला असावा, कारण पुढचे शब्द अगदी हळू होते, मघाचं हसू त्यांत नव्हतं, आणि ते मला उद्देशून होते.

"कोण बोलतंय?"

मी माझं नाव सांगितलं. तिकडून त्यानं विचारलं, "कोणाचा फोन हाय गो?" आणि जनीनं फोन बंद केला.